इंजेक्शनची सवय नेमकी कोणाला लागली?

माधव नगरात दवाखाना चालविणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला पुढील प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. दोन दिवसांच्या सर्दी-तापाचा रुग्ण तपासून होतो, चिठ्ठी लिहून होते, पथ्यपाणी सांगून होते. रुग्ण उठतो, दारापर्यंत जातो आणि वळून विचारतो, “डॉक्टर साहब, सुई तो लगाई ही नहीं?” मराठी घरातील रुग्ण असेल तर तोच प्रश्न जरा संकोचाने येतो, “डॉक्टर, एखादे इंजेक्शन दिले असते तर लवकर बरे वाटले असते ना?” आपण घड्याळाकडे पाहतो, बाहेर ताटकळलेल्या मंडळींकडे पाहतो आणि पुष्कळदा मुकाट्याने सिरिंज हातात घेतो. संध्याकाळी चार डॉक्टर एकत्र जमले की मग आपलाच तक्रारीचा सूर लागतो, “काय करणार, लोकांना सवयच लागली आहे!”

हे वाक्य मीही अनेक वर्षे म्हणत आलो. परंतु गेल्या वर्षी ते माझे मलाच खटकू लागले, आणि त्याला निमित्त झाली माझी नात. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेऊन बसली आहे. परीक्षेच्या आधी तिची उजळणी घेण्याचे काम आजोबांकडे आले. ‘अध्ययन’ आणि ‘संशोधन पद्धती’ ही दोन प्रकरणे तिने मला मोठ्याने वाचून दाखविली आणि मी तिला प्रश्न विचारले. आमच्या वैद्यकीय शिक्षणात मानसशास्त्राला फारसे स्थान नव्हते. जे होते ते परीक्षेपुरते वाचून आम्ही विसरलो. या उतारवयात ती दोन प्रकरणे ऐकताना मात्र मला वारंवार माझा स्वतःचाच दवाखाना दिसू लागला. स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा म्हणूनच ठरविले की, या वेळी रोग किंवा औषध यांविषयी न लिहिता आपल्या सवयींविषयी लिहावे.

अध्ययनाच्या प्रकरणाचा आरंभ अर्थातच पाव्हलॉव्हच्या कुत्र्याने होतो. हे नाव आपल्याला परके नाही. पाव्हलॉव्ह हे मुळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आणि त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेवरील कार्याबद्दल. अन्नाबरोबर पुन्हा पुन्हा येणाऱ्या खुणेने पुढे अन्न नसतानाही लाळ सुटते, हे त्यांचे निरीक्षण ‘अभिजात अभिसंधान’ म्हणून ओळखले जाते. आपल्याकडे येणारे दीड वर्षाचे मूल स्पिरिटचा वास येताच भोकाड पसरते, ते याच नियमाने. पांढरा कोट पाहून काही रुग्णांचा रक्तदाब वाढतो आणि घरी मोजला तर तो बरोबर येतो, हाही त्याच जातीचा अनुभव. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला मोठा आवाज करून पांढऱ्या उंदराचे भय शिकविले. आज असा प्रयोग कोणतीही नैतिक समिती होऊ देणार नाही. त्याहून अधिक स्मरणात ठेवावे असे काम मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये केले. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ देत देत त्यांनी ससा थोडाथोडा जवळ आणला आणि त्याचे भय घालविले. शिकलेले भय न-शिकलेले करता येते, ही आशा त्या प्रयोगाने दिली. लस टोचताना मूल टेबलावर दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर ठेवावे, हे आपण आज सांगतो. त्यामागचा विचार याच आशेशी जुळणारा आहे.

परंतु माझी झोप उडविली ती पुढच्या भागाने. नात वाचत होती, “स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आठ भुकेली कबुतरे पिंजऱ्यात ठेवली.” पक्षी काहीही करो, ठरावीक सेकंदांनी त्याच्यापुढे दाणे येत. दाण्यांचा आणि पक्ष्याच्या हालचालींचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही आठांपैकी सहा पक्ष्यांना काही विशिष्ट चाळे जडले. एक गोल गोल फिरू लागला, दुसरा पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे डोके उडवू लागला. दाणे येण्याच्या क्षणी जो पक्षी जे करीत होता, तेच तो पुन्हा पुन्हा करू लागला. कारण केले की दाणे येत. न करताही ते येतच होते, पण न करून पाहिले कोणी?

विषाणूजन्य ताप साधारणपणे तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. रुग्ण पहिल्या दिवशी सहसा येत नाही. घरगुती काढा होतो, क्रोसिन होते आणि तिसऱ्या दिवशी, ताप ऐन भरात असताना, तो दवाखान्यात येतो. आपण इंजेक्शन देतो, सोबत अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स लिहितो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो. दाणे वेळेवर आलेले असतात. रुग्ण म्हणतो, “डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.” तो एक नियम शिकतो: सुई घेतली की ताप जातो. पण त्याच वेळी टेबलाच्या अलीकडे बसलेला दुसरा एक जीवही तोच नियम शिकत असतो: सुई दिली की ताप जातो आणि वर गुणही गायले जातात. पिंजऱ्यात पक्षी दोन होते. आपण मात्र एकाच्याच चाळ्यांकडे बोट दाखवीत आलो.

ज्या क्रियेनंतर काही सुखद घडते ती क्रिया वाढते, याला ‘प्रबलन’ म्हणतात. त्याचाच दुसरा प्रकार, ‘ऋण प्रबलन’, परीक्षेत हमखास चुकतो. तो म्हणजे शिक्षा नव्हे. एखाद्या क्रियेमुळे काही त्रासदायक गोष्ट दूर होते आणि म्हणून ती क्रिया दृढ होते, ते ऋण प्रबलन. हट्ट करणाऱ्या मुलाला चॉकलेट देणाऱ्या आईचे उदाहरण पुस्तकात होते: रडणे थांबते आणि आईची चॉकलेट देण्याची सवय पक्की होते. मी नातीला म्हटले, “मी दुसरे उदाहरण देतो. रुग्णाच्या चेहऱ्यावरची नाराजी, बाहेरची गर्दी, आणि ‘चुकून न्यूमोनिया निघाला तर?’ ही मनातली टोचणी. अँटिबायोटिकचे नाव लिहिताच या तिन्ही गोष्टी एका क्षणात नाहीशा होतात.” ती हसून म्हणाली, “आजोबा, पैकीच्या पैकी गुण!” मला मात्र हसू आले नाही. आजाराला काडीचाही उपयोग नसलेले औषध आपण पुष्कळदा स्वतःच्याच अस्वस्थतेवर देत असतो, हे इतक्या सरळ भाषेत यापूर्वी मला कोणी सांगितले नव्हते.

आणि ही सवय एकट्याची राहत नाही. बांडुरा यांनी १९६१ च्या सुमारास दाखवून दिले की, मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहणारी मुले स्वतः बक्षीस न मिळताही तेच करतात. आपल्या व्यवसायात वरिष्ठांच्या चिठ्ठ्या पाहून कनिष्ठ शिकतात, डॉक्टरांकडे पाहून कंपाउंडर शिकतो आणि पुढे तोच एखाद्या खेड्यात बाटल्या चढवू लागतो. त्याला आपण ‘झोलाछाप’ म्हणतो. पण त्याची शाळा कोणती होती, हे विचारीत नाही.

येथे एक प्रसंग सांगणे मला भाग आहे. आमच्या गल्लीत राहणाऱ्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढे, अनेक वर्षे माझ्याकडेच येत. घसा धरला, खोकला झाला की मी त्यांना अँटिबायोटिक लिहून देई, कारण त्यांना त्याने ‘बरे वाटे’ आणि मला त्यांचा चेहरा हसरा पाहून बरे वाटे. काही वर्षांपूर्वी त्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. नेहमीच्या गोळ्यांनी ताप हटेना. कल्चरचा अहवाल हाती आला तेव्हा औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘आर’ हेच अक्षर उभे होते. त्या रुग्णालयात दाखल झाल्या, शिरेवाटे द्यावयाच्या महागड्या औषधाने सुदैवाने बऱ्या झाल्या, परंतु मुलाची बरीचशी शिल्लक त्यात गेली. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून वाचले हो.” ते वाक्य मला आजही टोचते.

माझ्याच चिठ्ठ्यांमुळे त्यांच्या शरीरातील जंतू प्रतिकारक्षम झाले, असे मी म्हणू शकतो का? नाही म्हणू शकत. ते जंतू दुसरीकडूनही आले असतील. एका रुग्णावरून कार्यकारणभाव ठरविणे ही तीच चूक आहे, जी ‘सुई दिली, ताप गेला’ म्हणणारा करतो. पश्चात्तापापोटी का होईना, ती चूक पुन्हा करणे योग्य नाही. येथे नातीच्या पुस्तकातील दुसरे प्रकरण, संशोधन पद्धतीचे, उपयोगी पडते.

त्या प्रकरणाचे सार एका प्रश्नात सांगता येईल: “आणि तसे केले नसते तर काय झाले असते?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच नियंत्रित गट असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे उदाहरण आपणा मराठी डॉक्टरांना अभिमानाने देता येते. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत ही सेवा देण्यात आली, आणि जेथे ती दिली नव्हती अशा ४७ गावांतील जन्ममृत्यूही तितक्याच काटेकोरपणे नोंदविले गेले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. ती ४७ गावे मोजली नसती, तर कोणीही म्हणू शकला असता की, पाऊसपाणी चांगले झाले, रस्ते झाले, काळच बदलला. मोजली, म्हणूनच तो दावा जगाला मान्य करावा लागला.

दुसरी सावधगिरी मोजणाऱ्याच्या डोळ्यांविषयीची. बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा एक घोडा टाप आपटून गणिते सोडवीत असे. १९०७ मध्ये फुंग्स्ट यांनी पडताळून पाहिले, तेव्हा आढळले की, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. विचारणाऱ्याच्या मानेची अजाणता होणारी सूक्ष्म हालचाल तो ओळखत असे. मालक लबाड नव्हता. त्याची आपल्या घोड्यावर खरीच श्रद्धा होती. ‘माझा तीस वर्षांचा अनुभव आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही प्रामाणिकच असतो. परंतु जे रुग्ण बरे झाले ते पेढे घेऊन येतात आणि ज्यांना गुण आला नाही ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. आपल्या अनुभवाच्या वहीत एकच बाजू लिहिली जाते.

उज्जैनला हा विचार परका वाटू नये. सवाई जयसिंगांनी बांधलेली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत १९२३ साली जीर्णोद्धार झालेली आपली वेधशाळा क्षिप्रेकाठी उभी आहे. पंडित गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी गणितज्ञाचे परिश्रम तिच्या पाठीशी होते. सम्राट यंत्राची सावली आपल्या उज्जैनची स्थानिक वेळ दाखविते. ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटे मागे असते, आणि हा फरक ऋतुमानाप्रमाणे कमीअधिक होतो; म्हणून दुरुस्ती केल्यावाचून ती घड्याळाशी जुळत नाही. यंत्र खोटे नाही, सावलीही खोटी नाही. पण तिच्यात किती मिनिटे मिळवावयाची हे ठाऊक हवे. डॉक्टरचा अनुभवही असाच असतो. तो खोटा नसतो, मात्र दुरुस्तीशिवाय वापरता येत नाही.

ही दुरुस्ती आपल्या शहरात एकदा करून पाहण्यात आलेली आहे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अतिसारासाठी उज्जैनमध्ये लिहिल्या गेलेल्या ८४३ चिठ्ठ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्येच सांगितले होते की, बहुतेक मुलांना जलसंजीवनी आणि झिंक एवढे पुरते; अँटिबायोटिक रक्ताची हगवण, कॉलरा अशा मोजक्या प्रसंगी. त्या ८४३ चिठ्ठ्यांपैकी केवळ जलसंजीवनी आणि झिंक, त्याखेरीज दुसरे अनावश्यक काही नाही, अशा चिठ्ठ्या निघाल्या सहा. अँटिबायोटिक होते सुमारे ७१ टक्के चिठ्ठ्यांत. त्या चिठ्ठ्या सर्व पॅथींच्या आणि पदवी नसलेल्यांच्याही होत्या, असे म्हणून आपण सुटका करून घेऊ शकतो. पण आपल्यापैकी प्रत्येकाने मनाशी विचारावे: त्या सहांमध्ये माझी चिठ्ठी असती का? माझी नसती.

यावर आपले सहकारी काय म्हणतील, याची मला कल्पना आहे. “तुम्ही आता निवृत्तीच्या वाटेवर आहात. तरुण डॉक्टरने इंजेक्शन नाकारले तर रुग्ण समोरच्या दवाखान्यात जाईल.” ही अडचण खोटी नाही. एकट्याने सवय मोडणे अवघड, कारण प्रबलन बंद झाले की आरंभी मागणी कमी न होता उलट वाढते. चॉकलेट न मिळालेले मूल आधी अधिक जोराने रडते. आणि दहापैकी एकदा जरी आपण नमलो, तरी सवय अधिकच चिवट होते, हेही अध्ययनाच्याच प्रकरणात लिहिलेले आहे. म्हणूनच हे काम एकेका डॉक्टरचे नाही, संस्थेचे आहे. सर्वांचे दार एकाच वेळी एकसारखे असेल, तर समोरच्या दवाखान्यात जाऊन काय मिळणार?

उपायही मानसशास्त्रानेच तपासून ठेवले आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात १४ चिकित्सकांवर एक प्रयोग झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या तपासणी खोलीत एक फलक लावला गेला: “गरज नसताना मी अँटिबायोटिक देणार नाही,” खाली डॉक्टरांचे छायाचित्र आणि सही. फलक रुग्णांना समजणाऱ्या दोन भाषांत होता. फलक नसलेल्या गटाच्या तुलनेत अनावश्यक अँटिबायोटिकचे प्रमाण सुमारे २० टक्के अंकांनी कमी झाले. इंग्लंडमध्ये सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केवळ एक पत्र पाठविले, की आपल्या भागातील बहुसंख्य दवाखाने आपल्यापेक्षा कमी लिहितात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घट जेमतेम ३ टक्क्यांच्या वर होती. पण एका पत्राच्या खर्चात ती थोडी म्हणता येणार नाही.

माझी संस्थेला विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत सहीचा फलक तयार करून तो प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यात लावावा. दुसरी, प्रत्येकाने महिन्यातून एक आठवडा फक्त दोन आकडे लिहून ठेवावेत: सर्दी-ताप-जुलाबाचे किती रुग्ण आले आणि किती जणांना इंजेक्शन किंवा अँटिबायोटिक दिले. रुग्णाचे नाव नको, डॉक्टरचेही नको. संस्थेने एकत्रित सरासरी कळवावी, म्हणजे ज्याला त्याला आपली सावली किती मिनिटे चुकते हे एकान्तात कळेल. तिसरी, फलक लावण्याआधी काही आठवडे मोजावे आणि जमल्यास सभासदांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, निम्म्यांनी आधी, निम्म्यांनी नंतर फलक लावावा. अन्यथा वर्षअखेरीस आपणही गोल फिरून म्हणू की, दाणे आमच्यामुळेच आले.

ही स्मरणिका आपल्या घरांतही वाचली जाते, म्हणून दोन शब्द वाचक बंधू-भगिनींसाठी. कोणतेही चालू औषध या लेखावरून आपल्या मनाने थांबवू नये. न्यूमोनिया, विषमज्वर, रक्तातील संसर्ग अशा प्रसंगी अँटिबायोटिक प्राण वाचविते. ते तेव्हाही काम करीत राहावे, म्हणून तर हा खटाटोप. धाप लागली, मूल पिण्यास नकार देऊ लागले, सुस्त पडले, ताप हटेना, तर वाट न पाहता दाखवावे. मात्र साध्या सर्दी-तापात “इंजेक्शन द्या ना” ऐवजी “हे औषध न घेता दोन दिवस थांबले तर चालेल का, आणि कोणती लक्षणे दिसली तर लगेच यावे?” असे विचारून पाहावे. आपला हा प्रश्न म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. आम्हाला योग्य तेच करण्यासाठी मिळालेले ते पाठबळ असेल. डॉक्टरलाही प्रबलन लागतेच.

मी स्वतः काही महिन्यांपूर्वी दोन आकड्यांची वही सुरू केली आहे. पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून मान खाली गेली; ते येथे लिहिण्याचे धैर्य अजून नाही, संस्थेच्या सरासरीत ते निनावी मिसळावेत अशी इच्छा आहे. मावशी परवा खोकला घेऊन आल्या होत्या. छाती स्वच्छ होती, ताप नव्हता. मी त्यांना वाफ, गरम पाणी आणि विश्रांती सांगितली, दोन दिवसांनी पुन्हा बोलावले आणि औषध का देत नाही ते पाच मिनिटे बसून समजावले. दारापर्यंत जाऊन त्या वळल्याच. मी मनातल्या मनात सिरिंजकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “एवढा वेळ तुम्ही कधी बोलला नव्हता हो.”

दोन दिवसांनी त्या आल्या नाहीत. फोन केला, तर खोकला बराच कमी होता. माझ्या बोलण्याने तो कमी झाला, असे मी म्हणणार नाही. तो कमी व्हायचाच होता.